भोपळ्याला पहिला हात

आईला दोनच हात होते आणि ते दोन्ही कायम भरलेले असत. एका कडेवर चिमी, दुसऱ्या हाताच्या बोटाला राजू. मेडनहेडच्या आमच्या रस्त्यावरून आई बाजाराला निघाली की हे तिघं पुढे आणि पिशवी घेऊन मी चार पावलं मागे. मी दहा वर्षांची होते, राजू पाचाचा आणि चिमी दोनाची. आईचं पहिलं मूल मी; पण या घरात सगळ्यांत शेवटी आले होते तीही मीच.

त्याचं कारण साधं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंग्लंडला एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि वर्षभरानं त्यांनी आईला बोलावून घेतलं. तेव्हा त्यांच्याकडे एकच खोली होती आणि घरमालकाला लहान मूल चालत नव्हतं. घर झालं की मंगलला, म्हणजे मला, न्यायचं असं ठरलं आणि मी कऱ्हाडला आत्याकडे राहिले. मी तेव्हा चार वर्षांची होते. घर व्हायला सहा वर्षं लागली. मधल्या काळात राजू झाला, चिमी झाली. ज्या घरमालकाला मूल चालत नव्हतं त्याला ही दोघं कशी चालली, हा प्रश्न मी कित्येक दिवस मनात घोळवत असे. विचारला मात्र कधी नाही.

आत्या अण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली. एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो. ती स्वतः दुसरी शिकलेली, पण मला पाढे म्हणायला लावल्याशिवाय जेवायला वाढत नसे. पुढे मी पदवीधर झाले, आमच्या घराण्यातली पहिली. त्या दिवशी अंगावर काळा झगा चढवताना मला कऱ्हाडची नगरपालिकेची शाळा आठवली, आणि ताटापुढे बसून पाढे ऐकणारी आत्या. तिचे उपकार मी या जन्मात फेडू शकले नाही. पण लहानपणी मी ते उपकार नको तिथे बोलून दाखवत असे, आणि तेही आईपुढे. आईनं वरण केलं की मी म्हणे, आत्या वरणात जरा गूळ घालायची. आईनं वेणी घातली की म्हणे, आत्या घट्ट घालायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. सहा वर्षं जे पाहिलं तेच मी बोलत होते.

आमचं घर रेल्वेच्या मागच्या बाजूला होतं. लंडनची गाडी गेली की शेल्फावरच्या बशा किणकिणत. स्वयंपाकघरात पॅराफिनच्या, म्हणजे रॉकेलच्या, हीटरचा वास आणि फोडणीचा वास एकमेकांत इतके मिसळलेले, की आजही कुठे पॅराफिन आलं की मला मोहरी आठवते. आई घरी बसून कपडे शिवायची. तिच्या मशीनचा खडखडाट थांबला की मी समजायचे, राजूनं काहीतरी मागितलं. माझ्यासाठी मशीन थांबत नसे, कारण मी मागत नसे. काय म्हणून मागायचं तेच मला उमजत नव्हतं. ही बाई माझी आई आहे हे मला पाठ होतं, पण सवयीचं झालं नव्हतं. राजूला मात्र झोपताना आईच्या कानाची पाळी धरायची सवय होती. तो डाव्या हाताचा अंगठा तोंडात घाली आणि उजव्या हाताच्या चिमटीत आईचा कान धरी. मी पलीकडच्या गादीवरून ते बघत असे. मला आईचे दागिने नको होते, साड्या नको होत्या. मला तो कान हवा होता.

मी आले ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला. तेव्हापासूनच आईनं अण्णांच्या मागे एक टुमणं लावलं होतं. दसऱ्याला लाल भोपळ्याचे घारगे करायचे, आणि त्यासाठी भोपळा हवा. अख्खा हवा, फोड नको. अण्णा म्हणायचे, "अगं, साउथॉलला फोडी मिळतात. आणू का?"

"फोड नको म्हटलं ना. अख्खा."

"अख्खा घेऊन काय मिरवणूक काढायचीय?"

"काढीन नाहीतर पाण्यात सोडीन. तुम्ही आणा तर खरं."

मला वाटायचं, राजूला घारगे हवे असणार. या घरात जे काही हट्टानं होई ते राजूसाठीच होई, असा माझा हिशेब होता.

कारखान्यात अण्णांचा केन नावाचा एक सोबती होता. त्यानं सांगितलं की गावाबाहेर एक शेतकरी भोपळे लावतो, आपण जाऊन हवा तो तोडून आणायचा. तेव्हा इंग्रज लोक भोपळे फारसे खात नसत. तो शेतकरी ते कशासाठी लावत होता कोण जाणे. केनकडे एक जुनी व्हॅन होती. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो आम्हाला घ्यायला आला. आईनं सकाळी उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, फ्लास्कमध्ये चहा भरला होता आणि साडीवर अण्णांचा जुना ओव्हरकोट चढवला होता. पुढच्या सीटवर केनशेजारी आई, तिच्या मांडीवर चिमी आणि मध्ये राजू. मागे हत्यारांच्या पेट्यांमध्ये अण्णा आणि मी. इंग्लंडातलं शेत बघायला निघाले होते, पण वाटभर मला दिसलं ते एवढंच: राजूच्या डोक्याची मागची बाजू, आणि वळणावर गाडी झुकली की त्या डोक्यावर येणारा आईचा हात.

"काय गं, गप्प का?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही."

"गाडी लागतीय काय?"

"नाही."

अण्णा भले गृहस्थ होते. त्यांनी खिशातून एक मिंटची गोळी काढून दिली आणि प्रश्न मिटला असं मानलं.

शेत म्हणजे एक लांबच लांब उतार होता. थंडीनं वेल करपून जमिनीला चिकटले होते आणि त्या काळपट पाचोळ्यात भोपळे पसरले होते, एखाद्या मोठ्या पंगतीतून माणसं उठून गेल्यावर तांबे तेवढे मागे राहावेत तसे. चिखल होता. राजूकडे लाल रंगाचे, गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट होते. तो मुद्दाम प्रत्येक डबक्यात पाय घालत चालला होता. माझ्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट होते आणि आईनं त्यांवर ब्रेडच्या पिशव्या बांधल्या होत्या. माझ्या मापाचे वेलिंग्टन घ्यायला सवड झाली नव्हती, एवढंच. पण चालताना त्या पिशव्या चुरचुर वाजत आणि प्रत्येक पावलाला मला ऐकू येई: लाल बूट राजूला, पिशव्या तुला.

फाटकापाशी शेतकरणीचं टेबल होतं. गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिनं टेबलाखालून दोन चिमुकले भोपळे काढले, मुठीएवढे, आणि एक राजूच्या हातात दिला, एक चिमीच्या. मग आईकडे बघून कौतुकानं म्हणाली, "टू लव्हली चिल्ड्रन!"

आई म्हणाली, "थँक यू."

मी आईच्या मागेच उभी होते, फ्लास्क आणि पुऱ्यांची पिशवी घेऊन. मला तेवढं इंग्रजी तोवर येऊ लागलं होतं. आईनं "थ्री" म्हणावं म्हणून मी थांबले. आई पुढे निघून गेली. आज मी समजू शकते की आईचं इंग्रजी तेव्हा यस, नो आणि थँक यू इतकंच होतं, आणि बाई काय म्हणाली हे तिला कळलंही नसेल. पण दहाव्या वर्षी मी एवढी समंजस नव्हते. मी ती पिशवी छातीशी धरून उतारावरून भराभरा खाली गेले, सगळ्यांच्या पुढे, कारण मागे चालायचा मला वीट आला होता.

आई एका केशरी, चकचकीत भोपळ्यापाशी थांबली. राजू लगेच त्याच्यावर बसला. "आई, हा माझी आहे! आय वॉन्ट दिस वन!"

"हाच घेऊया," आई म्हणाली. "किती सुरेख रंग आहे."

"कच्चा आहे तो," मी म्हणाले.

"कशावरून?"

"देठ हिरवा आहे. देठ वाळलेला पाहिजे. आणि नख लावून बघायचं. रुतलं तर कच्चा." मी वाकून नख लावलं. सालीवर चंद्रकोर उमटली. "बघा."

"कुणी शिकवलं तुला?"

"आत्यानं. आत्याचा वेल होता ना छपरावर. आत्या म्हणायची, भोपळा रंगानं घेऊ नये, देठानं घ्यावा."

 राजूला खाली उतरवून आईनं त्याच्या पँटचा चिखल पुसला, जरा जास्तच जोरानं. मी शेतभर फिरले. शेवटी कुंपणापाशी मला तो सापडला. मळकट नारिंगी, अंगावर राखेसारखा पांढरा थर, देठ लाकडासारखा. नख लावलं तर नखच वाकलं. केननं खिशातल्या चाकूनं देठ कापून दिला. अण्णा उचलायला आले, पण मी कुणाला हात लावू दिला नाही. चिमीला आई घ्यायची तसा तो मी कडेवर घेतला आणि फाटकापर्यंत आणला. दोनदा घसरले, पण सोडला नाही. आई पुढे चालली होती, तिच्या कडेवर चिमी. आणि मागून माझ्या कडेवर भोपळा. केन हसून अण्णांना काहीतरी म्हणाला. अण्णाही हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

राजू आता इल्फर्डला असतो. दर ऑक्टोबरात नातवंडांना घेऊन भोपळ्याच्या शेतात जातो आणि मला फोटो पाठवतो. आता तिथे तिकीट असतं, गवताच्या पेंढ्यांवर बसून फोटो काढतात, भोपळा वाहायला ढकलगाडी मिळते. भोपळा कुणी खात नाही. डोळे-नाक कोरून दारात ठेवतात आणि पुढच्या आठवड्यात टाकून देतात. फोटोत सगळ्या मुलांच्या पायात वेलिंग्टन असतात. मी फोटो मोठा करून आधी पाय बघते, मग चेहरे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले तर आईनं स्वयंपाकघराच्या मधोमध वर्तमानपत्र पसरून त्यावर भोपळा ठेवला होता. हळदकुंकू वाहिलं होतं. अण्णांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, ते दुपारीच गेले होते. गूळ किसून ठेवला होता, कणीक काढली होती. मी दप्तर टाकलं आणि बाह्या सरसावल्या. भोपळा मी निवडला होता, मी आणला होता. तो चिरायचा मान माझा, हे मी गृहीत धरलं होतं.

"थांब," आई म्हणाली. "पहिला हात राजूचा. बाईमाणसानं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावू नये. आपल्यात भोपळा म्हणजे घरातलं थोरलं लेकरू मानतात. आधी पुरुषाचा हात लागला की मग आपण चिरायचा."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. कऱ्हाडात शेजारच्या घरी मी ती पाहिली होती. पण त्या क्षणी मला दिसला तो पुरुष म्हणजे बनियन आणि लाल वेलिंग्टन घातलेला, नाक वाहत असलेला पाच वर्षांचा राजू. सुरीला हात लावायचा तर बूट घालूनच, असा त्यानं हट्ट धरला होता. आई त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली. ब्रेड कापायची सुरी तिनं त्याच्या मुठीत दिली आणि त्या मुठीवर आपली मूठ धरली. त्याच्या गालाला तिचा गाल लागला होता. "हं, दाब राजा. दाब."

थोरलं लेकरू. मी दाराला टेकून ते शब्द गिळत होते.

भोपळा पक्का होता. सुरी सालीवरून सटकली आणि राजूच्या अंगठ्याला ओझरती लागली. रक्ताचा एवढासा थेंब आला असेल, पण राजूनं घर डोक्यावर घेतलं. "आय डोन्ट लाइक इट! भोपळा घाणेरडी आहे!" असं ओरडत तो टेबलाखाली जाऊन बसला. चिमीही कारण नसताना रडू लागली. आईनं पट्टी बांधली, फुंकर घातली, बिस्किट दाखवलं. राजू बाहेर येईना. उद्या दसरा आणि भोपळा जसाच्या तसा.

"आत्याकडे तर कुणी पुरुष नव्हताच," मी म्हणाले. "आत्या सुरी लावायचीच नाही. दगडावर आपटायची. फुटला की मग चिरायची."

आई टेबलाखाली वाकली होती. ती ताठ झाली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"आत्या! आत्या! आत्या!" ती म्हणाली. "ऊठसूट आत्या! वरण आत्याचं, वेणी आत्याची, भोपळा आत्याचा! बरोबर आहे बाई, तिनं वाढवलं तुला. तिनं पाढे शिकवले, तिनं ताप काढले. मी काय केलं? मी इथं बसून लोकांच्या पँटी शिवल्या!"

मी भिंतीला चिकटले. राजूचं रडणंसुद्धा थांबलं.

"सहा वर्षं भोपळा खाल्ला नाही मी. विचार तुझ्या अण्णांना. दर वर्षी फोड आणू का म्हणायचे. नको म्हटलं. थोरलं लेकरू नजरेआड टाकून आलेल्या बाईनं भोपळा चिरायचा? मी सोडलाच होता. मंगल आली की पहिला अख्खा भोपळा घरात आणायचा, तोवर नाही. आणि ही मला सांगतीय आत्या आपटायची!"

गाडी गेली. शेल्फावरच्या बशा किणकिणल्या. मला काय वाटलं ते आज नीट सांगता येत नाही. लाज वाटली नाही, आनंदही झाला नाही. नवल वाटलं ते याचं, की जो किडा मला पोखरत होता तो आईलाही पोखरत होता. मी राजूच्या मुठीकडे बघत होते आणि आई माझ्यातल्या आत्याकडे बघत होती. इतके महिने एका घरात राहून आम्ही दोघींनी हे एकमेकींना कळू दिलं नव्हतं.

"थोरली मी आहे?" मी विचारलं.

"मग काय तो?" आईनं टेबलाखाली बोट केलं. टेबलाखालून लाल बुटाचा एक चवडा बाहेर आला होता.

आईनं पदरानं डोळे पुसले, पदर खोचला. "चल," ती म्हणाली. "दाखव तुझी आत्या कशी आपटायची."

मी भोपळा उचलून मागच्या दारी नेला आणि पायरीच्या कडेवर आपटला. तो फुटला नाही. टप्पा घेऊन अंगणातून घरंगळत गेला आणि कोळशाच्या खोपटावर जाऊन धडकला. राजू टेबलाखालून बाहेर येऊन खदखदा हसू लागला. "अगेन! ताई, अगेन!" शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं भिंतीवरून डोकं काढलं. "ऑल राइट, लव्ह?"

"यस, थँक यू!" आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "आत्याची पायरी दगडाची होती, ही सिमेंटची. दोघी मिळून उचलू. एका बाजूनं तू धर."

तिचे दोन्ही हात मोकळे होते. चिमी आत जमिनीवर बसून गूळ खात होती, राजू दारात उभा होता. भोपळ्याखाली माझी बोटं आईच्या बोटांना लागली. तिची बोटं सुईनं खरबरीत झालेली होती, आत्याच्या बोटांसारखीच. पण हे मी बोलले नाही. आम्ही तो डोक्यापर्यंत उचलला आणि सोडला. या वेळी तो असा फुटला की बिया भिंतीपर्यंत उडाल्या. आत गर्द केशरी, हळदीपेक्षा गडद. आईनं एक तुकडा उचलून वास घेतला, बराच वेळ.

"मला पण! मला पण आपटायचा!" राजू पाय आपटू लागला.

"तुझा झाला मघाशी," आई म्हणाली. मी तिच्या तोंडून राजूला नाही म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं.

घारगे तिन्हीसांजेला झाले. आईनं पहिला देवापुढे ठेवला आणि दुसरा माझ्या ताटलीत. मग राजूला एक दिला, चिमीला अर्धा. मी घास घेतला. आई झारा हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. कढईतला घारगा फुगून काळा व्हायला आला तरी तिचं लक्ष नव्हतं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं, कारण मी स्वतः आल्यापासून तेच विचारत होते, फक्त तोंडानं नाही.

"कसे झालेत?" ती म्हणाली. "तिच्यासारखे आहेत का?"

आत्याचे घारगे कऱ्हाडकडच्या गुळाचे असत, जरा जास्त खमंग. खोटं बोलायची मला सवय नव्हती, आणि खरं बोलायची त्या दिवशी हिंमत नव्हती.

"एकानं काय कळतंय," मी म्हणाले. "अजून एक खाऊन सांगते."

आईनं कढईकडे पाहिलं, तिथला जळून गेला होता. ताटात दुसरा नव्हता. मग तिनं वाकून राजूच्या ताटलीतला घारगा उचलला, अजून एकही घास न घेतलेला, आणि माझ्या ताटलीत टाकला.

राजूनं भोकाड पसरलं. मी सावकाश खाल्ला.